घरभाड्यापुरता सूर

कानात वाजणारा सूर ज्याचा त्यालाच ऐकू येतो. त्यामुळे तो आहे की नाही, हे भरपाई देताना सरकारला त्या माणसाच्या शब्दावर मानावे लागते. सरकारने नागरिकाच्या शब्दावर विश्वास ठेवल्याचे आधुनिक काळातले हे बहुधा एकमेव उदाहरण असावे. वेंडेल प्रूइटच्या डाव्या कानातला सूर तपासणीच्या यंत्राशी जुळवून पाहिला, तेव्हा तो सेकंदाला साडेतीन हजार कंपनांच्या किंचित वर भरला. म्हणजे पेटीवरची पांढरी सहा. पण पेटी संपल्यावरही बरेच वर चढत गेले तर लागणारी. तो दिवसरात्र वाजतो आणि कधी ढळत नाही. बारा वर्षे तोफेशेजारी उभे राहिल्याबद्दल वेंडेलला ज्या वस्तू मिळाल्या, त्यांतली अजून उत्तम चालू स्थितीत असलेली ही एकच. (बाकीच्या: एक गुडघा, एक घड्याळ आणि एक लग्न. पैकी लग्न दुरुस्त होऊन परत आले.)

वेंडेल राहतो ते हॅरो क्रीक गाव ओक्लाहोमात, तोफखान्याच्या छावणीला लागून आहे. गावात दर तिसऱ्या माणसाला कमी ऐकू येते आणि उरलेल्या दोघांना ओरडून बोलायची सवय झाली आहे. त्यामुळे गावात गैरसमज फार कमी आणि गुपिते मुळीच नाहीत.

देशाचा आणि या माणसांचा एक सरळ करार आहे. ज्याने काही वर्षे देशासाठी तोफ ओढली, त्याला देश छत्तीस महिने कॉलेजात बसवतो. फी परस्पर भरतो, पुस्तकांना पैसे देतो आणि वर दरमहा घरभाडे भत्ताही देतो. योजना अतिशय उदार आहे. इतकी, की तिचा लाभ घेताना शिक्षणाचा अडथळा येऊ नये म्हणून गावात बरीच माणसे मनापासून झटत असतात.

या योजनेत एक नियम आहे. जो विद्यार्थी सगळे विषय घरी बसून संगणकावर शिकतो, त्याला घरभाडे निम्म्याच्या आसपास मिळते. एक तरी वर्ग कॉलेजात सदेह हजर राहून केला, तर पूर्ण मिळते. म्हणजे जो दिवसभर घरात असतो त्याला घराचे भाडे कमी, आणि जो घराबाहेर पडतो त्याला जास्त. हा नियम वाचून ज्यांना हसू येईल त्यांनी त्यावर शांत बसून विचार करावा. वेंडेलने केला होता. त्याला काही सुचले नाही आणि त्याने अर्ज भरला.

आता हॅरो क्रीकच्या कॉलेजाने वर्षभर आधीच सगळे वर्ग संगणकावर नेले होते. ओक्लाहोमाच्या उन्हाळ्यात वर्ग गार ठेवायला जेवढा खर्च येतो, तेवढ्यात एक उपप्राचार्य ठेवता येतो, असा हिशेब निघाला आणि एक उपप्राचार्य ठेवण्यात आला. इतिहास घरी गेला, गणित घरी गेले, रसायनशास्त्राची प्रयोगशाळाही घरी गेली (तीन स्वयंपाकघरे, एक गॅरेज, जीवितहानी नाही). राहिले फक्त समूहगान. तेही पाठवून पाहिले. पण संगणकावर प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या घरी थोडा उशिरा पोहोचतो, त्यामुळे सगळे एकच गाणे आपापल्या वेळी गात होते. उपप्राचार्यांनी ते पूर्ण ऐकले. दुसऱ्या दिवशी समूहगान सदेहच राहावे, असा आदेश निघाला. गाण्याची तबकडी सुईखाली अडकून ओरडावी तसा तो आवाज होता, अशी नोंद शेऱ्यांमध्ये आहे.

अशा रीतीने संपूर्ण कॉलेजात सदेह बसण्याजोगा एकच वर्ग उरला आणि गावातल्या तोफखान्याला अचानक गाण्याचे महत्त्व पटले.

समूहगान शिकवतात क्वेलबाई. वय एकाहत्तर, उंची बेताची, चष्मा साखळीला. सव्वीस वर्षे त्यांच्या वर्गात नऊ विद्यार्थी असत, त्यांतले तीन एकाच घरातले. त्या सत्रात त्यांनी दार उघडले तर आत चौऱ्याऐंशी माणसे खुर्च्यांवर ताठ बसली होती, हात गुडघ्यांवर, नजर समोर. बाईंना वाटले आपण चुकून कुणाच्या तरी अंत्यविधीला आलो आहोत.

"तुम्ही सगळे गायला आलात?" त्यांनी विचारले.

"हो, मॅडम!" चौऱ्याऐंशी माणसे एका दमात म्हणाली. खिडकीची एक काच तेव्हाच सैल झाली. ती अजून बसवायची आहे.

शास्त्रीय दृष्टीने पाहता ही गायक म्हणून काही अगदीच टाकाऊ माणसे नव्हती. ती वेळेवर येत, सांगितल्यावर थांबत आणि श्वास एकत्र घेत. आणि समूहगानाचा निम्मा भाग तेवढाच आहे. अडचण एवढीच होती की खालचा आवाज लावणारे साठ, मधला लावणारे एकवीस आणि वरचा लावणारे तीन. वरच्या पट्टीसाठी दारूगोळा विभागातल्या दोन बायका आणि एक अतिशय लाजाळू आचारी, असे मनुष्यबळ होते. शिवाय 'हळू' या शब्दाचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. पहिल्या महिन्यात बाईंनी हातवारे केले, डोळे वटारले, ओठांवर बोट ठेवले. शेवटी त्या कंटाळून म्हणाल्या, "अहो, समोरच्या माणसाला मारायचं नाहीये, फक्त त्याच्यापर्यंत पोहोचायचंय."

मागच्या रांगेतून प्रश्न आला, "किती अंतरावर आहे, मॅडम?"

क्वेलबाई हुशार होत्या. त्या दिवसापासून त्या अंतर सांगू लागल्या. 'तीनशे मीटर' म्हटले की अंगाईगीत येई, 'बारा हजार' म्हटले की राष्ट्रभक्ती. विरामाच्या जागी त्या 'मारा थांबवा' म्हणत आणि चौऱ्याऐंशी तोंडे अशी मिटत की बाहेर झाडावरचे पक्षी दचकून उडत. नाताळात त्यांनी शहराच्या चौकात तीन भजने गायली. लोक रडले. (पुढच्या दोन रांगांनी कान धरून रडले, पण आकडेवारीत रडण्याचे प्रकार वेगळे केलेले नाहीत.)

वेंडेल पुढच्या वर्षी वर्गात आला आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचे महत्त्व कळले. वर्गातला पियानो उतरलेला होता आणि बाई सूर शोधत होत्या. मागच्या रांगेत वेंडेल सहज, स्वतःशीच, कानातल्या सुराच्या पाच सप्तके खालून गुणगुणला. बाईंनी पर्समधून सूर देणारा लोखंडी चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला. मग वेंडेलकडे पाहिले. मग पुन्हा चिमटा आपटला.

"हा सूर तू कुठून आणलास?"

"हा असतोच, मॅडम," वेंडेल ओशाळून म्हणाला. "अपंगत्व म्हणून सरकार त्याचे दहा टक्के देतं."

त्यानंतर तो चिमटा पर्समधून कधी निघाला नाही. बाई नुसते "वेंडेल, सूर दे," म्हणत, वेंडेल मान तिरकी करून डाव्या कानात डोकावल्यासारखे करी आणि गुणगुणे. त्यावरून बाकीचे त्र्याऐंशी आपापला सूर घेत. आणि इथे एक गोष्ट घडत असे जी वेंडेलने कोणाला सांगितली नव्हती. कित्येक वर्षे तो सूर त्याच्या डोक्यात एकटाच वाजत आला होता. सोमवारी आणि बुधवारी दुपारी, तासभर, त्याला सोबत मिळे. त्याच्या खाली साठ माणसे येऊन उभी राहत, वर तीन. तेवढा वेळ तो त्रास राहत नसे, गाण्याचा एक भाग होई. तास संपला की सगळे गाड्या काढून जात आणि तो पुन्हा एकटा वाजू लागे.

असो. हा तपशील भत्त्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहे.

कॉलेजात माजी सैनिकांसाठी एक विश्रांती व मार्गदर्शन कक्ष आहे. त्यात एक तपकिरी सोफा आणि कधीही न धुतलेले कॉफीचे भांडे आहे. मार्गदर्शन सोफा करतो. सोफ्यावर ज्येष्ठतेने बसायचे असते, आणि सर्वांत ज्येष्ठ होता ऑर्व्हिल मॅकनट. निवृत्त सार्जंट, मानेचा घेर उशीएवढा, नियमांचा अभ्यास दांडगा. ऑर्व्हिलने आजवर कॉलेजात एकही विषय पूर्ण समजून घेतला नव्हता, पण योजनेतली एकही तळटीप सोडली नव्हती. त्याला सगळे 'डीन' म्हणत. खरे डीन त्याला भेटायला येत.

सोफ्याचा पहिला सिद्धांत असा: मुख्य विषय शक्य तितका उशिरा निवडावा. नियमानुसार दोन वर्षे 'अनिर्णित' राहता येते, आणि अनिर्णित माणसाला सगळे विषय चालतात. कॉलेजने एकदा पाहणी करून हॅरो क्रीकचे विद्यार्थी मुख्य विषय का निवडतात याची कारणे शोधली. पाहणीत पाच पर्याय होते:

एक, बायकोच्या वा नवऱ्याच्या भावाचा त्या धंद्यात जम आहे (३८ टक्के).
दोन, भत्ता पूर्ण मिळतो (३१ टक्के).
तीन, वर्ग गाड्या लावायच्या जागेजवळ आहे (१७ टक्के).
चार, नोकरी लागते असे ऐकले आहे (१४ टक्के).
पाच, विषय निवडला आहे हे आताच कळले (९ टक्के, बेरीज शंभराच्या वर जाते, कारण पाहणी संख्याशास्त्राच्या वर्गाने केली).

मसुद्यात सहावा पर्याय 'आवड' असा होता. समितीने तो 'संदिग्ध व पडताळणीस अयोग्य' म्हणून गाळला. समितीच्या निर्णयाबाबत आजवर एकही तक्रार आलेली नाही.

आता खरी अडचण. समूहगान कोणालाही चार सत्रेच घेता येते. त्यानंतर ते फक्त संगीत हा मुख्य विषय घेतलेल्यांसाठी. ऑर्व्हिलची चार सत्रे आदल्या वर्षी संपत आली, तेव्हा सोफ्यावर तीन दिवस खल झाला. चौथ्या दिवशी ऑर्व्हिल उभा राहिला. (तो उभा राहणे हीच बातमी होती.)

"पोरांनो," तो म्हणाला, "आपण संगीत घेतोय."

एकतीस माजी तोफची एका सकाळी संगीताचे विद्यार्थी झाले. कॉलेजला फार आनंद झाला. 'राज्यातला सर्वांत वेगाने वाढणारा संगीत विभाग' असा फलक हमरस्त्यावर लागला. त्यावर ऑर्व्हिलचा फोटो होता, हातात व्हायोलिन, उलटे धरलेले.

पण संगीत हा मुख्य विषय घेतला की कर्णसाधना नावाचा विषय घ्यावा लागतो. पडद्याआडून पियानो वाजतो आणि कोणता सूर वाजला ते सांगायचे. इथे सोफा पहिल्यांदा घाबरला. या एकतीस जणांपैकी सव्वीस जणांना कमी ऐकू येते म्हणून सरकार दरमहा पैसे देते. म्हणजे सरकारचे एक खाते त्यांना ऐकू येत नाही म्हणून पैसे देत होते, आणि दुसरे खाते ऐकायला शिकावे म्हणून. आता जर हे लोक कानाच्या परीक्षेत उत्तम गुणांनी पास झाले आणि एका खात्याने दुसऱ्याला कळवले, तर? (कमी ऐकू येणे आणि ऐकलेले नेमके ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शरीरशास्त्राला माहीत आहे. सोफ्याला नव्हते. शिवाय सरकारची दोन खाती एकमेकांशी बोलतात ही शंका मुळातच फार गोड होती.)

पास होणे धोक्याचे, नापास होणे महागाचे. कारण प्रगती समाधानकारक नसेल तर योजनाच बंद. तेव्हा बरोब्बर काठावर पास व्हायचे ठरले. साठ गुण. इथे मात्र प्रशिक्षण कामी आले. तोफखान्यात लक्ष्य गाठायची जुनी रीत आहे: एक गोळा पलीकडे, एक अलीकडे, मग मधोमध. पहिल्या चाचणीत सर्वांनी मुद्दाम ऐंशी काढले, दुसऱ्यात चाळीस, आणि वार्षिक परीक्षेत एकतीसच्या एकतीस जणांना साठ. प्रमाण विचलन शून्य. शिक्षणाच्या इतिहासात असा निकाल नाही. क्वेलबाईंना 'एकाही विद्यार्थ्याला मागे न ठेवणाऱ्या शिक्षिका' म्हणून मानचिन्ह मिळाले. बाईंनी ते पियानोवर ठेवले आणि पियानो आणखी थोडा उतरला.

वेंडेलची चार सत्रे यंदा वसंतात संपत होती. दोन वर्षांचे अनिर्णितपणही त्याच दिवशी. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत त्याने कॉलेजच्या दाखला अधिकारी मिस टॉलिव्हर यांच्यासमोर मुख्य विषय सांगायचा होता. न सांगितल्यास दाखला नाही, दाखला नसल्यास भत्ता नाही, भत्ता नसल्यास घर नाही. दोन वर्षे तो हा प्रश्न टाळत आला होता. फौजेत बारा वर्षे त्याला कुठे उभे राहायचे, कधी जेवायचे आणि कोणत्या पायाने सुरुवात करायची हे सांगितले गेले होते. 'तुला काय हवे?' हे त्याला कोणी विचारले नव्हते. एकदा एका दंतवैद्याने विचारले होते, पण ते गुळण्या करायच्या पाण्याबद्दल होते.

तसे पाहता प्रश्न सोपा होता. बायको डार्ला, तिचा भाऊ रॉइस, रॉइसचा घरे गार करायची यंत्रे बसवायचा धंदा. त्या यंत्रांचा अभ्यासक्रम शेजारच्या गावच्या तंत्रशाळेत, पूर्णपणे सदेह. भत्ता तेवढाच. नोकरी ठरलेली. ओक्लाहोमात उन्हाळा बंद होण्याची शक्यता नाही. म्हणजे पहिला, दुसरा आणि चौथा, असे तीन पर्याय एकाच दगडात पडत होते. गाडी लावायलाही जागा होती.

पण संगीताच्या इच्छुकांसाठी सोमवारी कानाची पूर्वचाचणी होती आणि वेंडेल तिला, सहज जाता जाता, बसला. त्याला अठ्ठ्याण्णव गुण पडले. कानात एक सूर कायम वाजत असला की बाकीचे त्याच्यापासून मोजता येतात. यात त्याची काही करामत नव्हती. (गेलेले दोन गुण पियानोचे. तो सूर खरोखरच उतरलेला होता आणि वेंडेलने उतरलेलाच सांगितला.)

मंगळवारी संध्याकाळी सोफा वेंडेलच्या घरी आला. म्हणजे ऑर्व्हिल आणि दोघे ज्येष्ठ. डार्लाने नुकताच पीच फळांचा कॉबलर हा भाजलेला गोड पदार्थ भट्टीतून काढला होता.

"मला एक सांगा," डार्ला दार उघडत म्हणाली, "तुम्ही सगळे एवढे बहिरे, मग माझ्या भट्टीचं दार उघडलेलं तुम्हाला चार गल्ल्या पलीकडून कसं ऐकू येतं?"

"वास, वहिनी, वास," ऑर्व्हिल बसत म्हणाला. "नाकाची तपासणी अजून सरकारने घेतलेली नाही." मग तो वेंडेलकडे वळला. "लेका, अठ्ठ्याण्णव?"

"मी काही केलं नाही, सार्जंट. त्या वाजवत होत्या, मी सांगत होतो."

"तेच तर! विचारलं म्हणून खरं सांगायचं असतं का? बारा वर्षं फौजेत काय गवत उपटलंस?"

"पहिली दोन वर्षं, हो."

"हे बघ. आमचे एकतीस साठ. छान, सपाट, कुणाच्या डोळ्यावर न येणारे. त्यात तुझा एक अठ्ठ्याण्णव उभा राहिला, की वरून कुणीतरी दुर्बीण लावणार. अरे, सपाट माळावर एकच झाड असलं की वीज कुठे पडते?"

"झाडावर," दुसरा ज्येष्ठ म्हणाला. त्याला वाटले प्रश्न खरा आहे.

"तेव्हा तू दुसरं काहीही घे," ऑर्व्हिलने कॉबलरमध्ये चमचा घातला. "यंत्रं घे. हिशेब घे. परिचर्या घे, तुझे हात थंड आहेत, लोकांना आवडतील. आणि संगीतच घ्यायचं असेल तर साठ पाड."

"पाडून बघितले," वेंडेल म्हणाला. "घरी. डार्लाने कपाटातल्या बाटल्या वाजवल्या, मी चुकायचा प्रयत्न केला. चुकीचा सूर तोंडातून निघत नाही, सार्जंट. उलटी आल्यासारखं होतं."

सोफा गंभीर झाला. अशी केस त्यांच्यापुढे आली नव्हती. बेइमानी जमत नाही हे अपंगत्व कोणत्या कलमात बसते, यावर ऑर्व्हिलने कॉबलर संपेपर्यंत विचार केला. किमान तीस टक्के तरी मिळावेत, असे त्याचे मत पडले.

ते गेल्यावर डार्ला भांडी घासू लागली. वेंडेल पुसू लागला.

"रॉइसने गाडीवर तुझं नाव रंगवून घेतलंय," ती म्हणाली. "प्रूइट. इंग्रजीतल्या दोन टींपैकी एक विसरलाय, पण रंगवलंय."

"हं."

"मी त्याला शब्द दिलाय."

"हं."

"हं काय? दोन वर्षं हं चाललंय. विवाह समुपदेशकाकडेही तू हंच म्हणालास, आणि त्या बाईने त्याचे पैसे घेतले." तिने नळ बंद केला. "तुला एक गोष्ट सांगू? आपला टीव्ही आधी चाळीसवर असायचा. कानातलं ऐकू येऊ नये म्हणून तू लावायचास आणि शेजारची मंडळी बातम्या आपल्याकडून ऐकायची. आता तो बारावर असतो."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"शेजारणीने वर्तमानपत्र लावलं तेव्हापासून." डार्लाने हात पुसले. "मी तुला काय घे ते सांगणार नाही. फौजेने बारा वर्षं सांगितलं, सोफ्याने दोन वर्षं सांगितलं. एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. रॉइसचं मी बघते, तो माझ्यापेक्षा लहान आहे आणि लहानपणी मी त्याला झाडाला बांधलेलं आहे."

शुक्रवारी सकाळपासूनच दाखला कक्षाबाहेर रांग होती. शेवटचा दिवस होता आणि शिस्तीची माणसे कामे शेवटच्या दिवशीच करतात. वेंडेलचे काय होते हे पाहायला पूर्ण सोफा आला होता, म्हणजे माणसे. (सोफाही आणायचा विचार झाला, पण दारातून निघेना.) एकतीस साठवाले भिंतीला लागून उभे होते. डार्ला दाराशी, हाताची घडी घालून. क्वेलबाई पियानोच्या दुरुस्तीचा अर्ज घेऊन आल्या होत्या. तो त्या सतराव्यांदा देत होत्या.

वेंडेल टेबलाशी पोहोचला तेव्हा बाराला दोन मिनिटे कमी होती. मिस टॉलिव्हर या गोरगरिबांच्या वाली नव्हत्या आणि शत्रूही नव्हत्या. त्या नियम होत्या. त्यांनी वर पाहिले नाही.

"मुख्य विषय आणि निवडीचं कारण. एका वाक्यात. मोठ्याने बोला, मागच्यांना ऐकू येत नाही म्हणून दिवसभर मलाच सगळं दोनदा सांगावं लागतंय."

वेंडेलने तोंड उघडले आणि नेमका गावाचा वादळाचा भोंगा वाजला. तो दर शुक्रवारी बाराला चाचणीसाठी वाजतो आणि गावाच्या रीतीप्रमाणे दोन मिनिटे आधीच वाजतो, म्हणजे लोक घाबरायला उशीर करत नाहीत. भोंगा पांढऱ्या सहाच्या पाव स्वर खाली आहे. वेंडेलला तो दाताखाली खडा आल्यासारखा लागतो. तोंड उघडेच ठेवून तो थांबला.

तेवढ्या वेळात वाचकाला पाच पर्याय पुन्हा नजरेखालून घालता येतील. वेंडेलने काय करावे हे सुज्ञ वाचकाने एव्हाना ठरवलेच असेल: रॉइस, पूर्ण भत्ता, नोकरी, अठ्ठ्याण्णव गुण हा छंद म्हणून ठीक, रविवारी चर्चमध्ये गावे. असे ठरवले असल्यास वाचकाचे अभिनंदन. आपल्याकडेही प्रत्येक घरात एक सोफा आहे, आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी त्यावर बसून आपण सर्वांनी मुलांना हेच समजावलेले आहे. त्यापूर्वी तिथेच बसून आपल्यालाही हेच समजावण्यात आले होते. आपण त्या वेळी कितव्या पर्यायावर खूण केली ते आठवून पाहावे. चौथ्यावर केली असेल, तर आपल्याकडे आपण बहुमतात आहात.

भोंगा विव्हळत खाली आला आणि थांबला. कानात राहिलेला तो खडा काढून टाकायला वेंडेलने मान तिरकी केली आणि स्वतःचा सूर गुणगुणला. पाच सप्तके खाली, हलकेच, तीनशे मीटर.

रांगेतल्या सगळ्यांचे पाय आपोआप जुळले. छात्या भरल्या. भिंतीला लागून उभ्या असलेल्या एकतीस जणांनी, सव्वीस सरकारमान्य बहिऱ्यांसकट, क्षणात आपापला नेमका सूर घेतला आणि तोंडे उघडली. ऑर्व्हिल सर्वांत आधी, आणि सर्वांत अचूक. क्वेलबाईंचा उजवा हात अर्जासह वर गेला आणि तिथेच थांबला. मिस टॉलिव्हर यांनी प्रथमच वर पाहिले.

"संगीत," वेंडेल प्रूइट मोठ्याने म्हणाला, "आवडतं म्हणून."